घरच्या गव्हाला एक जास्तीची फवारणी

वर्षाचा गहू भरताना आपण बायका काय काय बघतो! दाणा टपोरा आहे ना, खडे किती निघतील, पोळी मऊ होईल की वातड? पण त्या दाण्यात जस्त किती, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

लोहाचं महत्त्व गोळ्यांमुळे घरोघरी पोचलं. जस्ताचं, म्हणजे शेतकरी ज्याला झिंक म्हणतात त्याचं, नावही निघत नाही. ते कमी पडलं की मुलांची वाढ खुंटते, जखमा भरायला वेळ लागतो, जुलाब वरचेवर होतात. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये वाढ खुंटलेले तरुण दिसले. त्यांचं जेवण म्हणजे मुख्यतः गव्हाची न आंबवलेली रोटी. 1961 साली त्यांनी ते मांडलं आणि माणसालाही जस्त कमी पडू शकतं, हा विचार पुढे आला. आपल्याकडे 2016 ते 2018च्या देशव्यापी पोषण पाहणीत 32 टक्के किशोरवयीन मुलामुलींना जस्त कमी निघालं. तिघांत जवळपास एक! आणि आपलीही पोळी बिनआंबवलेलीच, नाही का?

मग दाण्यात जस्त यावं कसं? चुनखडीच्या जमिनीत असलेलं जस्तही बांधून पडतं, मुळांना मिळत नाही. बॅसिलस, स्युडोमोनास यांतले काही जिवाणू मुळांपाशी आम्लं सोडून ते मोकळं करतात. हे जिवाणू खत पेरणीआधी बियाण्याला चोळायचं आणि बियाणं सावलीत सुकवायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. हे चोळण्याचं काम बहुतेक घरी बाईच करते. तेव्हा पाकिटावरची मुदतही तिनेच वाचावी. उन्हात पत्र्याखाली पडलेलं पाकीट म्हणजे नुसती भुकटी. मात्र जिवाणू काही जस्त तयार करत नाहीत. जमिनीतच कमी असेल तर झिंक सल्फेट द्यावं लागतं. मृदा आरोग्य पत्रिकेत त्याचा आकडा असतो.

खरी मेख पुढेच आहे. जमिनीत दिलेल्या झिंकने कमतरतेच्या रानात उतारा वाढतो, पण दाण्यात जस्त थोडंच चढतं. ओंब्या आल्यावर, दाणा चिकात असताना पानांवर फवारलं की ते भरपूर चढतं. भारतासह सात देशांत झालेल्या प्रयोगांत फवारणीने ते किलोमागे सरासरी 27 मिलिग्रॅमवरून 48च्या आसपास गेलं. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. पण या फवारणीने पोतं वाढत नाही! आमच्या बचत गटात हे सांगितलं तेव्हा एकीचे यजमान म्हणाले, "उतारा वाढणार नसेल, तर पंप पाठीवर घ्यायचा कशाला?" त्यांचं काय चुकलं? बाजारात भाव वजनाला आणि रंगाला. जस्ताला कोण पैसे देतं?

म्हणून माझं म्हणणं, ही मागणी स्वयंपाकघरातून यायला हवी. शेत असेल तर घरी खायच्या गव्हाचा तुकडा वेगळा धरा आणि तेवढ्याला तरी फवारणी करायला लावा. दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि पान करपू नये म्हणून 25 ग्रॅम चुना, असं प्रमाण सांगतात. तरी कृषी सहायकाला विचारून घ्या. आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडून गहू घेणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही दिवाळीच्या सुमारासच, पेरणीआधी त्याला सांगून ठेवा, की जिवाणू लावलेला, झिंक फवारलेला गहू असेल तर क्विंटलमागे थोडे जास्त देऊ. चार घरांनी मिळून सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही.