वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि आधारगटांची उपेक्षित गरज

लठ्ठपणा हा आता देशाच्या सार्वजनिक चर्चेचा विषय झाला आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी डेहराडून येथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाढत्या स्थूलतेबद्दल चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून बोलताना त्यांनी स्वयंपाकातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन पुन्हा केले. या चिंतेला आकडेवारीचा आधार आहे. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूलतेच्या गटात होते. पाचव्या सर्वेक्षणात (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले.

तेलाचा वापर कमी करणे, चालणे, खेळणे हे उपाय समाजाचे आरोग्य राखण्यासाठी आवश्यकच आहेत. मात्र ज्यांचे वजन अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतरही उतरत नाही आणि ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडला आहे, अशा रुग्णांना केवळ उपदेश पुरत नाही. त्यांच्यासाठी बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा, म्हणजेच वजन घटविणाऱ्या शस्त्रक्रियेचा पर्याय उपलब्ध आहे. २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी आणि २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतल्यानंतर तिचे नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. महानगरांतील मोठ्या रुग्णालयांत ती आता नित्याची झाली आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सोबत कोणाची, या प्रश्नाकडे आपल्या व्यवस्थेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि उरलेले जठर एका अरुंद नळीसारखे होते. ‘बायपास’ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते. दोन्ही पद्धतींत केवळ अन्न मावण्याची जागा घटत नाही, तर भूक आणि रक्तातील साखर यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो. अनेक रुग्णांचा मधुमेह शस्त्रक्रियेनंतर आटोक्यात येतो, तो याच कारणाने.

तिचे लाभ दीर्घकालीन अभ्यासांनी नोंदविले आहेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचे आयुर्मान नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्थूल रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. तथापि, सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शस्त्रक्रिया प्रभावी आहे, पण ती चमत्कार नव्हे, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते. एप्रिल २०२४ मध्ये चेन्नई परिसरातील एका खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेच्या वेळी एका तरुणाचा मृत्यू झाला आणि तमिळनाडू सरकारला त्याची चौकशी करावी लागली. अनुभवी चमूच्या हातून गंभीर गुंतागुंत क्वचितच होत असली, तरी धोका शून्य नसतो, याचे स्मरण त्या घटनेने करून दिले.

तयारीचे आठवडे

शस्त्रक्रियेचा निर्णय झाला की तयारी सुरू होते. रक्त तपासण्या, हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी, आवश्यकतेनुसार एंडोस्कोपी, निद्रा तपासणी आणि मानसिक आरोग्याचे मूल्यमापन ही तिची वैद्यकीय बाजू होय. भारतीय रुग्णांत, विशेषतः शाकाहारी व्यक्तींत, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तसेच लोहाची कमतरता आधीपासूनच आढळते. ती शस्त्रक्रियेपूर्वी भरून काढावी लागते. धूम्रपान काही आठवडे अगोदर पूर्णपणे थांबवावे लागते. त्याशिवाय बहुतेक ठिकाणी सुमारे दोन आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार दिला जातो. त्यामुळे यकृत आकसते आणि शल्यविशारदाला दुर्बिणीद्वारे जठरापर्यंत पोहोचणे सुकर होते.

तयारीची दुसरी बाजू कोणत्याही तपासणी अहवालात उमटत नाही. वजन कमी न होणे हा इच्छाशक्तीचा अभाव आहे, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या व्यक्तीला ‘थोडे खाणे कमी केले असते तर’ असे बोल ऐकावे लागतात. कित्येक जण पित्ताशयाची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया असल्याचे नातेवाइकांना सांगून रुग्णालयात दाखल होतात. विवाहयोग्य वयाच्या मुलींच्या बाबतीत ही गुप्तता अधिकच कडेकोट असते. मनातील भीती बोलून दाखविण्याची सोयही मग उरत नाही. अशा वेळी हीच वाट चालून गेलेली व्यक्ती समोर बसून बोलली, तर त्या संवादाचे मोल समुपदेशनापेक्षा वेगळे ठरते. डॉक्टर धोक्याची टक्केवारी सांगतात, तर अनुभवी रुग्ण पहिल्या रात्री उठून चालताना काय वाटले ते सांगतो.

घरी परतल्यानंतरचा काळ

रुग्णालयातील मुक्काम बहुधा दोन-तीन दिवसांचा असतो. खरी परीक्षा घराचा उंबरठा ओलांडल्यावर सुरू होते. प्रारंभी केवळ पातळ पदार्थ, त्यानंतर मिक्सरमधून काढलेले व मऊ पदार्थ आणि साधारण महिना-दीड महिन्यानंतर घन आहार असा क्रम असतो. पाणी घोटाघोटाने, पण दिवसभर प्यायचे असते आणि जेवताना मात्र प्यायचे नसते. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सांगितले जाते. पोळी-भात हाच जेवणाचा कणा असलेल्या घरात चार घासांच्या जागेत एवढी प्रथिने कशी बसवायची, हे एक कोडेच असते. जीवनसत्त्वे, कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. सतत उलट्या होत असतील, तर ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. म्हणून अशा वेळी विलंब न लावता डॉक्टरांना गाठणे आवश्यक असते.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास अनेकांचे केस गळू लागतात. बायपास झालेल्या रुग्णाने गोड पदार्थ थोडे अधिक खाल्ले, तर धडधड, घाम आणि चक्कर असा त्रास होऊ शकतो. मद्य पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि काही रुग्ण त्याच्या आहारी जातात. स्त्रियांना साधारण वर्ष ते दीड वर्ष गर्भधारणा टाळण्याचा सल्ला दिला जातो. मानसिक बदलही कमी नसतात. वर्षानुवर्षे दुःखात, आनंदात, एकटेपणात अन्नाचाच आधार घेतलेल्या व्यक्तीचा तो आधार एका दिवसात सुटतो. आरशातील प्रतिमेची ओळख पटायला वेळ लागतो. काही रुग्णांत नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती वाढत असल्याचे दीर्घकालीन अभ्यासांत आढळले आहे. वजन झपाट्याने उतरण्याचा उत्साहाचा काळ ओसरल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून काहींचे वजन पुन्हा वाढू लागते. नेमक्या याच सुमारास अनेक रुग्ण तपासणीसाठी जाणे थांबवतात. वजन वाढल्याची लाज हे त्याचे एक कारण असते.

समदुःखींचे बळ

आधारगटाचे महत्त्व येथे ध्यानात येते. वैद्यकीय व्यवस्था आहाराचा तक्ता देते. तो तक्ता भारतीय घरात कसा पाळायचा, हे समदुःखी सांगतात. लग्नाच्या पंगतीत यजमानांचा आग्रह कसा मोडायचा, गणपतीत पहिल्याच वर्षी मोदकाचे काय करायचे, एकादशीच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी काय खायचे, रोजाच्या काळात प्रथिने आणि पाणी यांचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नांवरील व्यवहारी तोडगे अनुभवातूनच आलेले असतात. वैद्यकीय निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. परंतु तो निभावण्याची युक्ती आणि उमेद बऱ्याचदा गटातून मिळते. केस पुन्हा येतात, हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगण्यापेक्षा केस परत आलेली एक स्त्री समोर दिसणे अधिक परिणामकारक असते.

अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०१९ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही शस्त्रक्रियेनंतर रुग्णांनी आधारगटात सहभागी होत राहावे, अशी शिफारस आहे. गटाच्या बैठकांना नियमित येणाऱ्या रुग्णांचे वजन अधिक उतरते, असे अनेक अभ्यासांत दिसते. अर्थात, मुळात निर्धार असलेलेच रुग्ण नियमित येत असण्याचीही शक्यता असल्याने सारे श्रेय गटालाच देता येत नाही. तरीही रुग्णाचा वैद्यकीय यंत्रणेशी असलेला धागा तुटू न देणे, हेच गटाचे मोठे काम आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच उपचारात सहभागी करून घेतले. बरे झालेला माणूस हा दुसऱ्यासाठी उपचाराचाच एक भाग ठरतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातही आजारातून बरे झालेल्यांना प्रशिक्षण देऊन ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून रुग्णांच्या मदतीला उभे केले जाते. शासकीय यंत्रणेने अनुभवी रुग्णाची उपयुक्तता अन्य आजारांच्या बाबतीत मान्य केलेली आहे, असाच याचा अर्थ होतो.

मर्यादा आणि सावधगिरी

आधारगटांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आज असे बहुतेक गट रुग्णालयांच्या किंवा शल्यविशारदांच्या पुढाकाराने चालतात. त्यामुळे यशस्वी रुग्णच व्यासपीठावर येतात आणि ज्यांना त्रास झाला ते गप्प राहतात, असा धोका संभवतो. गट आणि जाहिरात यांतील सीमारेषा पुसट होणे रुग्णहिताचे नाही. व्हॉट्सॲपवरील गटांत एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेणे, पोटदुखीकडे ‘मलाही झाले होते’ म्हणून दुर्लक्ष करणे किंवा कोणाचे किती किलो उतरले याची स्पर्धा लागणे, हे प्रकारही घडू शकतात. म्हणून गटाला प्रशिक्षित आहारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची साथ, गोपनीयतेचा नियम आणि कोणत्या लक्षणांवर तत्काळ रुग्णालय गाठायचे याची लेखी यादी आवश्यक ठरते.

भूगोल आणि भाषा हे आणखी दोन अडसर आहेत. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे, दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद येथे होते, तर रुग्ण शेकडो किलोमीटर दूरच्या गावी परततो. महिन्यातील एका बैठकीसाठी तो प्रवास करू शकत नाही. आहाराचा तक्ता इंग्रजीत असेल, तर स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंत तो पोहोचतच नाही. दूरदृश्य बैठकांमुळे अंतराचा प्रश्न काहीसा सुटू शकतो. मात्र रुग्णाच्या भाषेत माहिती देण्याचे काम कोणाला तरी हेतुपुरस्सर करावे लागेल.

विम्याच्या चौकटीतील उणीव

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे, शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा अथवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा आणि अन्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत, अशा अटी पूर्ण झाल्यास या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यातून वगळता येत नाही. रुग्णांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे पाऊल होते. त्यानंतर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई व्यक्तींसाठी २७.५ इतक्या निर्देशांकापासून शस्त्रक्रियेचा पर्याय देण्याची शिफारस केली. साहजिकच पात्रतेचे निकष शिथिल करण्याची चर्चा होत राहते.

परंतु पात्रतेच्या या अटींमध्ये शस्त्रक्रियेनंतर काय व्हावे, याचा उल्लेख नाही. वर्षानुवर्षांच्या रक्त तपासण्या, पूरक जीवनसत्त्वे, आहारतज्ज्ञाची भेट आणि समुपदेशन यांचा भार मुख्यतः रुग्णाच्याच खिशावर पडतो. म्हणजे खर्चिक शस्त्रक्रियेला विम्याचे संरक्षण मिळते, पण तिचे फळ टिकविणाऱ्या तुलनेने स्वस्त सेवा वाऱ्यावर राहतात.

२०२५ मध्ये वजन घटविणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आल्यामुळे शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही, असा सूर काही ठिकाणी उमटला. परंतु औषध थांबविल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते आणि तेथेही आहार, स्नायूंचे रक्षण व मानसिक आधार यांचा प्रश्न कायम राहतो. उपचार कोणताही असो, लठ्ठपणा हा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे, हे मान्य केले की दीर्घकाळ चालणाऱ्या आधाराची गरजही मान्य करावी लागते.

त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक केंद्राने तिच्या अगोदर रुग्णाची अनुभवी रुग्णाशी भेट घडवून आणणे, किमान पाच वर्षांचा पाठपुरावा नोंदविणे आणि मातृभाषेत आधारगट चालविणे या तीन गोष्टी अधिकृत कार्यपद्धतीत समाविष्ट करता येतील. विमा कंपन्यांनाही त्यात रस असायला हवा, कारण पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया त्यांनाच महाग पडते. शल्यविशारदाचे काम दोन-तीन तासांत पूर्ण होते. त्यानंतरची वाटचाल रुग्णाने एकट्याने करायची, की ती वाट चालून गेलेल्यांच्या सोबतीने, हे धोरणकर्त्यांनी ठरवायचे आहे.