रस्ता ओलांडणे हाही विज्ञानाचाच धडा

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, आखाडा बाळापूर, वारंगा फाट्यावरून नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, तसा वाहनांचा वेगही वाढला. पाठीवर दप्तर घेऊन तो ओलांडणाऱ्या मुलाची पावले मात्र तेवढीच आहेत.

अपघाताला आपण नशीब म्हणून मोकळे होतो. वास्तविक गोवराप्रमाणेच तोही टाळता येण्याजोगा आरोग्याचा प्रश्न आहे. सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ३३ हजार पायी चालणारी होती.

यावर शाळांतून होते काय, तर प्रभातफेरी, घोषवाक्ये आणि चित्रकला स्पर्धा. 'आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा' हे मुलांना पाठ असते. पण दिसलेल्या गाडीचा वेग त्यांना कळतो का? इंग्लंडमधील रॉयल हॉलोवे महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून वेगाने येणारे वाहन प्राथमिक शाळेतील मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. त्या वयात नजर आणि मेंदू यांची तेवढी वाढच झालेली नसते. तेव्हा मुलांवर डोळे वटारून उपयोग नाही.

म्हणून हा विषय विज्ञानाच्या तासाला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च काहीच नाही. एकाने फूटपट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी. पकडेपर्यंत ती पंधरा-वीस सेंटिमीटर खाली गेलेली असते. हाताला एवढा वेळ लागतो, तर ड्रायव्हरच्या पायाला ब्रेकपर्यंत जायला साधारण एक सेकंद लागतो. मग मैदानात चुन्याच्या रेघा माराव्यात. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने येणारी जीप सुमारे १४ मीटरवर थांबते, ६० ने येणारी सुमारे ३८ मीटरवर. म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ दोन खेळपट्ट्या! पावसात आणखी पुढे. चौथीतला मुलगा ही दुसरी रेघ स्वतः पावलांनी मोजील, तर पुन्हा गाडीपुढून धावण्याआधी थबकेल. गुरुजींनी मोबाईलमधील घड्याळ लावून आवाराच्या आतूनच गाड्यांचा वेग काढून दाखवावा. मुलांना रस्त्यावर नेऊ नये.

अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत काळ्या कापडावर, पांढऱ्या कापडावर आणि चमकणाऱ्या पट्टीवर टाकून पाहावा. पट्टी दप्तराला का चिकटवायची, ते वेगळे सांगावे लागत नाही.

एवढे शिकवूनही नऊ-दहा वर्षांखालील मुलाला मोठा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये. सकाळी शेताच्या घाईत पालकांना हे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. वाडीतील पाच-सहा घरांनी पाळी लावली तर जमते. शाळेपुढे पांढरे पट्टे, फलक आणि वेगाला आळा घालण्याची सोय नसेल, तर येत्या ग्रामसभेत ठराव घेऊन तो रस्ता ज्या खात्याकडे आहे त्याला पाठवावा. मुलांनी मोजलेले आकडे सोबत जोडावेत.