स्मरणातले रंजन आणि स्मरणाबाहेरची माणसे

कोणताही दिवाळी अंक उघडावा आणि ललित लेखांच्या विभागात एक हॉटेल हमखास भेटावे. गावच्या नाक्यावरचे, संगमरवरी टेबलांचे, आता पाडले गेलेले. तिथल्या मिसळीची चव पुढे कुठेच मिळालेली नसते. मालक तोंडाने फटकळ, पण मनाने दिलदार असतो. शेवटच्या परिच्छेदात त्या जागी मोबाइलचे दुकान आलेले असते आणि लेखक रस्त्याच्या पलीकडे उभा राहून सुस्कारा टाकतो. हा लेख आम्ही असंख्य वेळा वाचला आहे, वर्गात 'ललित गद्याचा नमुना' म्हणून शिकवला आहे, आणि कबूल करायला हरकत नाही, आमच्यापैकी एकाने तो लिहिलाही आहे. म्हणूनच त्याच्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही आमच्याकडे घेतो. आमचे म्हणणे असे की, हा लेख दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

सुरुवात शब्दापासून करू. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका आजाराचे ते नाव होते. ग्रीकमधले 'घरी परतणे' आणि 'वेदना' असे दोन शब्द त्याने जोडले. मराठीत आपण याला 'गतकातरता' म्हणतो, तेव्हा वेदना थोडीफार शिल्लक राहते. पण समीक्षेत आणि बोलण्यात रुळला तो 'स्मरणरंजन' हा शब्द. म्हणजे मूळ शब्दात जिथे दुखणे होते तिथे आपण करमणूक बसवली. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नव्हे; आपण भूतकाळाशी कसे वागतो याचा तो कबुलीजबाब आहे.

हे दुखणे मराठीपुरते मर्यादित नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत या लेखाचा जुळा भाऊ आहे. तिथे मिसळीच्या जागी बर्गर असतो आणि इराण्याच्या जागी 'ड्राइव्ह-इन' उपाहारगृह. मोटार आवारात उभी करायची, 'कारहॉप' म्हणवणाऱ्या वाढप्यांनी खिडकीला तबक अडकवायचे, आणि गाडीतून न उतरता खायचे. १९२१ साली डॅलसजवळ 'पिग स्टँड' सुरू झाले, तिथपासून हा प्रकार फोफावला. आपल्या गावच्या ड्राइव्ह-इनमधल्या बर्गरसारखा बर्गर पुन्हा झाला नाही, असे सांगणारी एक अख्खी पिढी त्या देशात आहे.

या हळहळीला कायमचे चित्ररूप दिले ते जॉर्ज लुकासच्या १९७३ सालच्या 'अमेरिकन ग्राफिटी' या चित्रपटाने. कॅलिफोर्नियातील मोडेस्टो या लुकासच्या गावातली १९६२ सालच्या उन्हाळ्याअखेरची एक रात्र, आणि त्या रात्रीचे केंद्र म्हणजे 'मेल्स ड्राइव्ह-इन'. पडद्यावरचे ते मेल्स प्रत्यक्षात मोडेस्टोत नव्हतेच; चित्रण झाले ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शाखेत. चित्रपटानंतर काही वर्षांतच ती इमारत पाडली गेली. पुढे १९८५ साली संस्थापकांपैकी एकाच्या मुलाने त्याच नावाने, जुन्या काळाच्या थाटात, नवे उपाहारगृह उघडले. म्हणजे आठवण दुसऱ्याच शहरातून उसनी आणली, मूळ वास्तू गेली, आणि मग आठवणीचीच वास्तू बांधली.

इथपर्यंतची गोष्ट गमतीची आहे. पुढची नाही. चित्रपटातल्या त्या रात्रीनंतर जेमतेम एका वर्षाने, १९६३ च्या शरद ऋतूत, याच मेल्स साखळीसमोर निदर्शने झाली. मेल्समध्ये कृष्णवर्णीय कामाला होते. पण मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आणि साफसफाईला. ग्राहकासमोर येण्याची, तबक खिडकीला लावण्याची कामे त्यांना मिळत नव्हती. मालकांपैकी एक, हॅरॉल्ड डॉब्स, त्या वेळी शहराच्या महापौरपदाची निवडणूक लढवत होते. ते हरले आणि निवडणुकीनंतर कृष्णवर्णीयांना दर्शनी कामे देण्याचा करार झाला. पडद्यावरची ती निऑनच्या उजेडातली रात्र पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

दक्षिण कॅरोलायनात तर प्रश्न त्याहून उघडा होता. 'पिगी पार्क' या ड्राइव्ह-इन साखळीत कृष्णवर्णीयांना आवारात बसून खाऊ देत नसत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरही हे चालू राहिले. मालकाने धर्मश्रद्धेचा आधार घेतला. खालच्या न्यायालयाने हा कायदा ड्राइव्ह-इनला लागूच होत नाही असे म्हटले. वरच्या न्यायालयाने ते फिरवले, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे असले बचाव बिनबुडाचे ठरवले. त्या आवारातही कुणाचे तरी बालपण चवदार झाले असेलच. कुणाचे नाही झाले, हा प्रश्न आठवणीच्या लेखात येत नाही.

आणि ही संस्था मेली कशाने? 'नव्या पिढीला चव नाही' हे लाडके उत्तर साफ खोटे आहे. सॅन बर्नार्डिनोतल्या मॅक्डोनल्ड बंधूंचे ड्राइव्ह-इन उत्तम चालत होते. १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद केले, कारहॉपना काढून टाकले, खाद्यपदार्थांची यादी ९ वर आणली आणि १५ सेंटचा बर्गर खिडकीतून विकायला सुरुवात केली. पगार वाचला, फुटणारी आणि चोरीला जाणारी भांडी वाचली. आणि तासन् तास रेंगाळणारी तरुण टोळकी टळली. ज्या रेंगाळण्यावर आज इतके हळवे लिहिले जाते, ते मालकाच्या वहीत तोट्याच्या बाजूला मांडलेले होते.

यावर आक्षेप येईल की ललित लेख म्हणजे समाजशास्त्राचा प्रबंध नव्हे. लेखकाने आपली चव आठवावी, एवढाच त्याचा धर्म. आक्षेप आम्हाला मान्य आहे आणि म्हणूनच आमची तक्रार साहित्याच्याच अंगणातली आहे. ललित गद्याची कसोटी स्मरणाची तीक्ष्णता ही असेल, तर ज्याला रश्श्यातले मसाले एकेक करून आठवतात पण टेबलावर फडके मारणाऱ्या पोऱ्याचे नाव आठवत नाही, त्याचे स्मरण कलेच्या दृष्टीनेही अधू आहे. त्याने नीतीत नव्हे, निरीक्षणात मार खाल्ला आहे.

मराठीत तर हे न आठवण्याला सबबच नाही. चहाच्या हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीचा हिशेब दलित आत्मकथनांनी मांडून ठेवला आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तो आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र एका सत्रात ललित लेख येतो, दुसऱ्या सत्रात आत्मकथन येते, आणि दोन्हींतले हॉटेल एकाच नाक्यावरचे असू शकते हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. आम्हीही वर्षानुवर्षे सांगितले नाही. प्रश्नपत्रिकेत 'लेखकाच्या हळव्या मनाचे दर्शन घडवा' असे विचारत राहिलो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ही दोन पाने एकाच तासाला शेजारी ठेवून वाचा. हॉटेलवर जरूर लिहा. पण आत कोण बसत होते, मागे भांडी कोण घासत होते आणि उंबऱ्याबाहेर कोण उभे होते, हे आठवून लिहा. त्याने चव कमी होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १९६३ साली फलक घेऊन उभ्या राहिलेल्यांना मेल्स बंद पाडायचे नव्हते. त्यांना तिथे दर्शनी भागात काम करायचे होते. त्या जागेचे मोल पुढे सुस्कारे टाकणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक कळले होते. आमच्यापैकी ज्याने तो लेख लिहिला, त्याने परवा तो पुन्हा काढून वाचला. मिसळीवर दीड पान आहे. पोऱ्या एकदाच येतो, पाण्याचे ग्लास घेऊन. त्याला नाव नाही.