ऑगस्टमध्ये अडणारी स्क्रिप्ट

मी पदविकेच्या मुलांना लिनक्स शिकवते. शेलमधली आकडेमोड शिकवताना पॉझिक्स मानक आधी आणि बॅशच्या खास सोयी नंतर, असा क्रम अभ्यासक्रमात हवा, असं माझं ठाम मत आहे.

जुलैपर्यंत बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट १ ऑगस्टला अडते आणि ऑक्टोबरमध्ये कुणी हात न लावता पुन्हा चालू होते. मुलांना हे भुताटकीसारखं वाटतं. प्रत्यक्षात ‘डेट’ ही आज्ञा महिना दोन अंकी देते : ०७, ०८, ०९. पुढचा महिना काढायला स्क्रिप्ट त्यात १ मिळवते. पण $((…)) मधल्या आकड्यांना मानकाने सी भाषेचे नियम लावले आहेत. पुढे शून्य असेल तर संख्या अष्टमान धरायची. अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, म्हणून बॅश आणि डॅश हे दोन्ही शेल त्रुटी दाखवतात. ०७ मात्र दोन्ही पद्धतींत सातच, त्यामुळे सात महिने कुणाला पत्ता लागत नाही. जुनी ‘एक्सप्र’ आज्ञा ०८ म्हणजे आठच समजते. म्हणजे चालती जुनी स्क्रिप्ट कुणी हौसेने नव्या पद्धतीत लिहिली की ती ऑगस्टमध्ये पडणार!

०१० ची गोष्ट अधिक वाईट. मॅकवर २०१९पासून मूळ शेल झेडशेल आहे. तो १० म्हणतो. बॅश आणि डॅश म्हणतात ८, तेही निमूटपणे. घरी मॅकवर पडताळलेला हिशेब सर्व्हरवर चुकतो आणि पडद्यावर तक्रारीचा शब्दही उमटत नाही.

उबुंटूने २००६पासून ‘एसएच’च्या जागी डॅश बसवला, डेबियनने २०११मध्ये. तरी आपल्याकडे घातांकाचे दोन तारे, एकाने वाढवणारी दोन अधिक चिन्हं, दशमान सांगणारं ‘१०#’ हेच पहिल्या तासाला फळ्यावर येतं. यातलं काहीही मानकाने बंधनकारक केलेलं नाही, डॅशला ते कळतही नाही. महिरपी कंसात चलाच्या नावानंतर हॅश आणि शून्य लिहून पुढचं शून्य काढणं मात्र मानकातच आहे. ते किती जणांना शिकवलं जातं? पूर्णांकांपलीकडे मानक जात नाही, ७ भागिले २ म्हणजे ३, त्यामुळे पैशांचा हिशेब ‘बीसी’ या आज्ञेकडे सोपवावा, हेही तेव्हाच सांगायला हवं.

प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांच्या स्क्रिप्ट डॅशमध्ये चालवा आणि महिना ०८ द्या. गुण त्यावर ठरू देत.