ग्रंथालयाची भिंत

टूनगॅबीहून सिडनी शहराकडे जाताना चौथे स्थानक परमॅटा. तेथील चौकात २०२२ साली नगरपालिकेने ‘फाइव्ह’ ही सहा मजली वास्तू खुली केली. ग्रंथालयाबरोबरच तेथे कलाप्रदर्शनांनाही जागा आहे. आमच्यापैकी बहुतेक कुटुंबे चित्रदालनाची पायरी चढण्यास संकोचतात. ग्रंथालयात मात्र तो संकोच उरत नाही. पुस्तक बदलावयास गेलेला माणूस सहज चित्रासमोर थांबतो. म्हणूनच ग्रंथालयाची भिंत ही कलेची सर्वांत लोकाभिमुख भिंत आहे, असे आमचे मत आहे.

या भिंतीवर आमचे काय आहे? चौदा एप्रिलला आम्ही सभागृह भाड्याने घेतो, मुलांनी काढलेली चित्रे लावतो आणि रात्री किल्ली परत करण्यापूर्वी ती गुंडाळून गाडीत ठेवतो. आमचा इतिहास आम्हीच आम्हांस दाखवतो. शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

वास्तविक आज आमच्याकडे दाखवण्याजोगे पुष्कळ आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस चित्रात आणला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांत टिपले. प्रभाकर कांबळे यांची कलाकृती २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. बर्लिनने जे पाहिले, ते टूनगॅबीतील आमच्या मुलांनी पाहू नये काय?

या देशातील मूलनिवासींनी चित्राचे सामर्थ्य केव्हाच ओळखले. १९६३ साली यिरकला येथील योल्ङू लोकांनी आपल्या भूमीवरील खाणकामाविरुद्ध संसदेकडे जे निवेदन पाठविले, ते चित्रांकित झाडाच्या सालीवर होते. पापुन्याच्या चित्रकारांनी १९७२ साली स्वतःच्या मालकीची संस्था उभारली. आपली कथा त्यांनी आपल्याच रेषांत सांगितली.

काही बांधव विचारतील, “येथे आपली जात कोणास ठाऊक नाही, मग आपणच ती भिंतीवर का टांगावी?” या प्रश्नामागील वेदना आम्ही जाणतो. आडनाव ऐकून भारतीय शेजाऱ्याचा बदललेला स्वर आमच्यापैकी अनेकांनी ऐकला आहे. म्हणून कोणावर सक्ती नको. ज्यास नाव द्यावयाचे नसेल, त्याने देऊ नये. परंतु आम्ही लपवतो, तेव्हा मुले लपवणेच शिकतात, हेही विसरून चालणार नाही.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जाऊन चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्ष प्यावे लागले. जागा कागदावर सार्वजनिक असून भागत नाही. आपण तेथे गेल्यानेच ती आपलीही होते. येथे आमची वाट कोणी अडवलेली नाही. केवळ अर्ज करावयाचा आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. येत्या जयंतीची चित्रे रात्री गुंडाळू नयेत. मुलांच्या चित्रांशेजारी आमच्या एखाद्या कलावंताची कृती मागवावी, प्रत्येक चित्राखाली दोन ओळींचा परिचय लिहावा आणि त्या भिंतीसाठी जवळच्या ग्रंथालयाकडे अर्ज करावा. पुस्तक परत करावयास आलेला एखादा अनोळखी वाचक गळ्यातील मडक्यापाशी थांबेल आणि विचारेल, “हे काय आहे?” त्या वेळी उत्तर देण्यास आमचे एखादे मूल तेथे उभे असावे.