नाकाला काम हवे

बीगल पट्टा सुटताच पळतो, हाका मारल्या तरी वळत नाही, अशी तक्रार घेऊन मालक पशुवैद्याकडे येतात. त्यात कुत्र्याचा दोष थोडाच. ही जात इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी घडवली गेली. कुत्र्यांची टोळी पुढे, शिकारी मागून पायी. जमिनीवरचा वास एकदा धरला की माणसाच्या हुकमाची वाट न पाहता त्याचा माग काढत राहायचे, हाच गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला. याच नाकाला अमेरिकेने १९८४ पासून विमानतळावर प्रवाशांच्या सामानातली फळे, मांस हुडकायचे काम दिले. फ्लॅटमध्ये मात्र तोच गुण ‘हट्ट’ ठरतो.

गोंडस चेहरा पाहून पिल्लू आणले जाते. मग सकाळी दहा मिनिटांची फेरी, तीही पट्टा ओढत. उरलेला दिवस हा प्राणी भुंकतो आणि खातो. पोट भरल्याचे त्याला जणू कळतच नाही. बिस्कीट, पोळी, शेव, समोर येईल ते फस्त. १०-१२ किलोचा कुत्रा १८ किलोंवर गेला की सांध्यांवर आणि पाठीवर भार येतो. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून पावसाळ्यात ते दर आठवड्याला उघडून पाहावेत. दुर्गंधी किंवा चिकट मळ दिसला तर घरचे तेल घालू नये, पशुवैद्याला दाखवावे.

फेरीत त्याला थांबून हुंगू द्यावे. मोजून दिलेल्या खाण्यातले काही दाणे घरात लपवून शोधायला लावावेत. रोज एवढा तासभर काढता येत नसेल, तर बीगल घरी आणूच नये.