पुसायचे ते फवारले जाते तेव्हा

'फ्लिट मारणे' हा शब्दप्रयोग आता पन्नाशीपुढच्या लोकांनाच आठवत असेल. ढेकणांचा त्रास वाढला की पिचकारीसारखा तो पत्र्याचा पंप माळ्यावरून खाली यायचा. गाद्या उन्हात निघायच्या, मुलांना अंगणात हाकलले जायचे आणि नंतर दुपारभर घराची दारे-खिडक्या सताड उघडी राहायची. काम संपले की पंप पुन्हा माळ्यावर. विषारी काहीतरी घरात आणले आहे, याची जाणीव त्या सगळ्या धावपळीत होती.

ती धावपळ आता गेली आणि फवारे घरभर पसरले. डासांचा वेगळा, झुरळांचा वेगळा. काचेसाठी एक, ओट्यासाठी एक, न्हाणीघरासाठी एक. दिवाणखान्यात मोगऱ्याचा, गाडीत लिंबाचा, काखेत आणखी कसला तरी. केस बसवायला फवारा, मुरगळलेल्या पायाला फवारा. यांतला एकही माळ्यावर जात नाही आणि एकासाठीही मुलांना बाहेर पाठवले जात नाही. बोटाने दाबायचे, फुस्स आवाज येतो, संपले.

या डब्यांबद्दल घरात शंका निघालीच तर ती एवढीच असते, की आत काय आहे? रास्त प्रश्न आहे, पण अर्धा. आतले द्रव्य बाहेर पडताना कोणत्या रूपात पडते, हा उरलेला अर्धा भाग ना घरात विचारला जातो, ना जाहिरातीत सांगितला जातो. बादलीतल्या पाण्यात मिसळून फडक्याने पुसलेले रसायन आणि तेच रसायन हवेत उडवलेले, या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कारण थेंबाच्या आकारात आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब हवेत सोडला तर काही सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनचा थेंब माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून खाली यायला अर्धा तास लावतो, तोही हवा अगदी स्तब्ध असेल तर. एक मायक्रॉनचा कण रात्रभर तरंगू शकतो. पंख्याखाली तर हा हिशेबही राहत नाही. मोठे थेंब नाकात, घशात अडकतात आणि शेंबडाबरोबर बाहेर पडतात किंवा गिळले जातात. साधारण पाच मायक्रॉनच्या खालचे कण मात्र पार फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे वायुकोशांचा पसारा उलगडला तर बॅडमिंटनचे मैदान जवळपास झाकले जाईल, आणि त्या पसाऱ्यात हवा व रक्त यांच्यामध्ये असलेला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे. त्वचेला जाडी आहे, जठरात आम्ल आहे, आतड्यातून आलेले रक्त आधी यकृतातून गाळून जाते. श्वासातून आलेल्या द्रव्याच्या वाटेत असला कोणताही जकात नाका नाही.

वैद्यकाने ही गोष्ट फार आधी ओळखली आणि कामाला लावली. दम्याचा हातात मावणारा पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. तो बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या, दमा असलेल्या मुलीने विचारले होते, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझे औषध का मिळत नाही? आज सालब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपातून एका दाबाला सुटतात ०.१ मिलिग्रॅम. गोळीच्या विसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढे औषध, आणि आराम गोळीपेक्षा लवकर. 'मी तर थोडेसेच मारले' असे म्हणणाऱ्याने हे प्रमाण ध्यानात ठेवावे. जे औषधाच्या बाबतीत खरे, ते काच पुसण्याच्या द्रवाच्या बाबतीत खोटे ठरायचे काही कारण नाही.

हा भेद न पाळल्याची सर्वात मोठी किंमत दक्षिण कोरियाने मोजली. तिथला हिवाळा कडक, घरे तापवलेली, त्यामुळे आतली हवा कोरडी. नाक-घसा सुकू नये म्हणून खोलीत पाण्याची वाफाळ हवा सोडणारे यंत्र ठेवायची पद्धत आहे. बाळ असलेल्या घरात तर हमखास. या यंत्राच्या टाकीत बुळबुळीत थर धरतो. तो धरू नये म्हणून पाण्यात घालायचे जंतुनाशक १९९४ पासून तिथल्या दुकानांत मिळू लागले. त्यांतल्या एका प्रमुख रसायनाचा वापर तोवर पृष्ठभाग स्वच्छ करण्यासारख्या कामांत होत होता. पोटात गेले तर काय, कातडीला लागले तर काय, याचा विचार झाला होता. पण रोज रात्री, बंद खोलीत, झोपलेल्या मुलाच्या उशाशी ते बारीक तुषारांतून हवेत सोडले तर काय, हे कोणी तपासलेच नव्हते. काही बाटल्यांवर उलट मुलांसाठीही ते निर्धास्त असल्याची ग्वाही होती.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांना २००६च्या सुमारास वसंत ऋतूत कारण न कळणाऱ्या फुप्फुसाच्या गंभीर आजाराची मुले दिसू लागली होती. संसर्ग शोधला जायचा, सापडायचा नाही. २०११ मध्ये सोलच्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया एकामागून एक येऊ लागल्या. फुप्फुसे कडक होत चाललेली, काहींना फुप्फुस बदलण्यापर्यंत वेळ आलेली. तेव्हा कुठे चौकशी घरातल्या त्या यंत्रापर्यंत पोचली. ऑगस्ट २०११ मध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेने या जंतुनाशकाकडे बोट दाखवले, वर्ष संपायच्या आत माल बाजारातून परत घ्यायला लावला. तोपर्यंत सतरा वर्षे ते विकले गेले होते. मृत्यू शेकड्यांनी मोजावे लागले आणि आयुष्यभर ऑक्सिजनच्या नळीला जखडलेले लोक वेगळेच. त्यात मुलाला सर्दी होऊ नये म्हणून टाकीत रोज टोपणभर औषध घालणाऱ्या आया होत्या. निष्काळजीपणा त्यांचा नव्हता. त्या तर जास्तच काळजी घेत होत्या.

ही गोष्ट कोरियातली. तो प्रश्न मात्र इथेही तसाच आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात दहा देशांतल्या साडेतीन हजार लोकांची पाहणी होती. घरची साफसफाई स्वतः करणारे, आधी दमा नसलेले. आठवड्यातून एकदा तरी सफाईचे फवारे वापरणाऱ्यांत पुढच्या काळात दम्याची लक्षणे किंवा दम्याच्या औषधांची गरज सुमारे दीडपट आढळली. काच पुसायचे, लाकडी सामानाचे आणि खोली सुगंधी करायचे फवारे त्यात पुढे होते. अशा अभ्यासातून कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की बांधता येत नाही, हे खरे. पण त्यातली एक नोंद डोळ्यांत भरते: न फवारता वापरलेल्या सफाईच्या द्रव्यांशी दम्याचा असा संबंध दिसला नाही.

करोनाच्या साथीत हाच धडा चारचौघांत गिरवला गेला. २०२० च्या उन्हाळ्यात बाजारांच्या आणि सोसायट्यांच्या दारांत जंतुनाशकाचे बोगदे उभे राहिले. त्यातून माणसे जात होती, अंगावर हायपोक्लोराइटचा पाऊस पडत होता आणि आपण काहीतरी केले याचे समाधान वाटत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल रोजी सूचना काढून सांगावे लागले की माणसांवर असे फवारणे निरुपयोगी आहे आणि डोळे, त्वचा, श्वासनलिकेला अपायकारकही. फडक्याने कठडा पुसणारा सफाई कामगार त्या बोगद्यापेक्षा जास्त उपयोगी काम करत होता, पण त्याचा फोटो काढण्यासारखा नव्हता. पावसाळ्यात वॉर्डावॉर्डांत होणाऱ्या धूरफवारणीचेही असेच. डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. त्याच्या अळ्या कुंडीखालच्या ताटलीत वाढतात. धूर रस्त्यावरून जातो. अळीला त्याचे सोयरसुतक नाही. तरी गाडी आली नाही तर नागरिक नगरसेवकाला फोन करतात आणि ताटली ओतायला मात्र कोणी उठत नाही.

शेतीत हे रूप किती जीवघेणे ठरते ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये यवतमाळात पाहिले. त्या हंगामात कपाशी माणसाएवढी वाढली होती. फवारणाऱ्याचे तोंड पिकाच्या पातळीवर आले. बारीक तुषार जोरात फेकणारे पंप पाठीवर, तोंडाला फार तर रुमाल, अंगात घामाने भिजलेला सदरा, त्यात दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. चर्चा मुख्यतः कोणते औषध, अस्सल की बनावट, परवाना होता की नव्हता, याभोवती फिरली. ती व्हायलाच हवी होती. पण पंपाची तोटी, थेंबाचा आकार आणि पिकाची उंची यांवरही तेवढीच चर्चा व्हायला हवी होती.

घरातला डासांचा फवारा यवतमाळच्या बहुतेक कीटकनाशकांच्या जातीचा नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटातली द्रव्ये असतात. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातल्या नैसर्गिक द्रव्यावरून ती बनवली गेली. कीटकाच्या मज्जातंतूंवर ती घाव घालतात, माणसाचे शरीर त्यांचा लवकर निकाल लावते. मासे आणि मांजरी यांना मात्र ती बाधतात. दम्याच्या रुग्णाला त्यांचा, आणि डब्यातल्या इतर द्रव्यांचाही, त्रास होऊ शकतो. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर खोलीत लपलेले डास मारणे गरजेचेच आहे, तिथे फवाऱ्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो रोजच्या रतीबाला. खोलीत फवारायचे, दार लावून बाहेर जायचे, पंधरा-वीस मिनिटांनी खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची, मग आत यायचे, अशा स्वरूपाची सूचना डब्यावर छापलेली असते. प्रत्यक्षात डास आत येतील म्हणून खिडक्या बंद ठेवून त्याच खोलीत मालिका चालू असते, आणि रांगते मूल फवारा जिथे उतरला त्या फरशीवर असते. शिवाय डब्यातून द्रव्य ढकलणारा वायू बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद असतो. पेटत्या शेगडीमागे झुरळ दिसले म्हणून तिथे डबा रोखणारे त्यामुळेच भाजतात.

सुगंधी फवाऱ्याला तर एवढेही कारण नाही. डास निदान मरतो. दुर्गंधी मरत नाही, फक्त झाकली जाते. 'सुगंध' या एका छापील शब्दाखाली अनेक रसायने मावतात. लिंबा-संत्र्याच्या वासाचे लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्माल्डिहाइडही तयार करते. न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला तर हे सगळे टळते आणि ओलही जाते.

सुधारणा कठीण नाहीत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली डब्यावर रंगीत त्रिकोण छापावा लागतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. विषाच्या तीव्रतेची ती खूण आहे, पण खोली किती वेळ रिकामी ठेवायची हे त्रिकोण सांगत नाही. ते मिनिटांचे आकडे मराठीत, पुढच्या बाजूला, भिंग न लावता वाचता येतील असे छापायला हवेत. काचेच्या आणि सुगंधाच्या फवाऱ्यांवर तर असा त्रिकोणही नाही. जे द्रव्य फवाऱ्याच्या रूपात विकायचे, त्याची चाचणी श्वासावाटेच व्हायला हवी. कातडीच्या चाचणीवर भागवून घेणे कोरियानंतर समर्थनीय राहिलेले नाही.

सर्वात जास्त फवारा ज्यांच्या छातीत जातो, ती माणसे मात्र लेबल वाचायच्या स्थितीतच नाहीत. मॉलच्या, कार्यालयांच्या, रुग्णालयांच्या खिडकी नसलेल्या स्वच्छतागृहांत आठ-आठ तास काम करणाऱ्या कंत्राटी बायका दिवसाला शेकडो वेळा ती तोटी दाबतात. आरशावर, नळावर, कमोडवर. डाग नसला तरी दाबतात, कारण पर्यवेक्षक वासावरून काम तपासतो. संध्याकाळी खोकला लागला तर तो धुळीचा म्हणून सोडून दिला जातो. यांच्यासाठी नवे यंत्र नको की नवे रसायन नको. बहुतेक बाटल्यांची तोटी फिरवली की तुषाराऐवजी धार येते. ती आरशावर न मारता हातातल्या फडक्यावर मारायची आणि फडक्याने आरसा पुसायचा. काच तेवढीच लख्ख होते, द्रवही कमी लागतो. त्यासाठी कंत्राटात एक ओळ वाढवावी लागेल, आणि पर्यवेक्षकाला नाकाऐवजी डोळ्यांनी काम तपासावे लागेल.